प्रकरण 6 : पट्टा पडला की बघू

दसरा झाला की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली गावं हलायला लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, कुठंही जा, गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर लागलेला दिसतो. ट्रॉलीत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, ताडपत्री, कोपीसाठी (फडाजवळच्या झोपडीसाठी) बांबू, तवा-परात, पाण्याचा ड्रम, एखादी शेळी आणि फडक्यात गुंडाळलेले कोयते असतात. म्हातारी माणसं मागे राहतात. लेकरं कधी हंगामी वसतिगृहात राहतात, कधी आईबापांबरोबर ट्रॉलीत चढतात. मग ऊसतोडीची टोळी सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याच्या वाटेला लागते. मुकादमानं सांगितलेला दिवस म्हणजे दिवस. कुणाच्या अंगात कणकण असते, कुणाचा पाय घरातून निघत नसतो. तरी ठरल्या वेळी ट्रॉली भरते.

आता याच घरातली दुसरी कामं बघा. नववीत लग्न झाल्यामुळे शाळा सुटलेल्या सुनेला दहावीची परीक्षा द्यायची आहे. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हे तिला तीन वर्षांपासून माहीत आहे. धाकट्या दिराला पोलीस भरतीसाठी धावायचं आहे. घरधन्याला शेळीपालनासाठी बँकेत अर्ज करायचा आहे. यातलं काहीच अजून सुरू झालेलं नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘पट्टा पडला की बघू.’ मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, आणि टोळी गावी येते. मग लगीनसराई असते. ती उरकेपर्यंत मृग लागतो, पेरणीची घाई उडते. पेरणी, खुरपणी, काढणी होईतो पुन्हा दसरा येतो.

पहाटेच्या दवात उसाच्या फडात उतरणाऱ्या माणसाला आळशी म्हणायची कुणाची छाती आहे? आणि तरी स्वतःचं म्हणून जे काम असतं, ते त्याच माणसाकडून वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. हे असं का होतं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

नाइलाज आणि चालढकल

सुरुवातीलाच एक फरक करून घेऊ, कारण तो न करता केलेला उपदेश गरिबाला टोचतो. प्रत्येक रखडलेलं काम चालढकलीमुळे रखडत नाही. तोडीला गेलेल्या बाईला पोटाचं दुखणं अंगावर काढावं लागतं, कारण एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी बुडाली आणि वर दंडही. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. अशा ठिकाणी ‘मनाचा निश्चय करा’ म्हणणं क्रूरपणाचं आहे. तिथे बदलायला हवी ती कामाची व्यवस्था.

चालढकल म्हणायचं ते याच्यापेक्षा वेगळं. काम आपल्या हातातलं आहे, करायची इच्छा आहे, टाळल्यानं आपलंच नुकसान होणार हेही ठाऊक आहे, आणि तरी आपण ते उद्यावर टाकतो. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आपल्या रखडलेल्या कामांची अशी वर्गवारी एकदा करून बघा. निम्मी कामं नाइलाजाच्या रकान्यात जातील. ती जाऊ द्या, त्यांच्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. उरलेल्या निम्म्यांसाठी मात्र सबब उरत नाही.

टाळायचं असतं ते कामामागचं भय

दहावीचा फॉर्म भरू पाहणाऱ्या त्या सुनेचंच उदाहरण घेऊ. शाळा सोडल्याचा दाखला पेटीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवलेला आहे. फॉर्मची मुदत जवळ आली की ती दाखला काढते, हातात धरते. तेवढ्यात मनात येतं, ‘गणित जमंल का? नापास झाले तर जावा हसतील. लेकरं दुसरीला अन् आई दहावीला.’ छातीत धडधडतं. ती दाखला परत घडीत ठेवते आणि भाकरी थापायला बसते. त्या क्षणी तिला बरं वाटतं.

हे बरं वाटणं हीच सगळ्या दुखण्याची मुळी आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि इंग्लंडमधल्या संशोधक फ्युशिया सिरॉइस यांनी 2013 साली मांडलेला विचार असा, की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि भावना सांभाळण्याचा प्रश्न जास्त असतो. कामाशी भीती, कंटाळा, शंका, लाज असं काहीतरी जोडलेलं असतं. काम बाजूला सारलं की ती भावनाही तात्पुरती बाजूला सरते. या सुटकेची मनाला सवय लागते. पुढच्या वेळी दाखला हातात घेण्याआधीच मन पळवाट काढून देतं. म्हणूनच ज्याला स्वतःच्या स्वप्नाची फार ओढ असते, तोच पुष्कळदा ते सुरू करायला फार कचरतो. दुसऱ्याचा ऊस तोडताना आपली लायकी पणाला लागलेली नसते. दहावीचा पेपर लिहिताना ती लागलेली असते.

यावरचा घरगुती उपाय म्हणजे बोल लावणं. ‘तुझ्यानं काही होणार नाही’ असं घरचे म्हणतात, नंतर आपणच स्वतःला म्हणू लागतो. या उपायानं दुखणं वाढतं, कारण आता त्या कामाशी भीतीच्या जोडीला अपराधीपणाही चिकटतो. ओटावातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला होता, तो 2010 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला मोकळ्या मनानं माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. मागचं गेलं ते गेलं, असं मनापासून म्हणता आलं की काम पुन्हा हाती धरायला बळ येतं.

वय निघून गेलं, ही समजूत

चालढकल बरीच वर्षं चालली की शेवटी तिचं रूप पालटतं. आधी ‘अजून वेळ आहे’ असं म्हणणारा माणूस एक दिवस ‘आता वेळ गेली’ म्हणू लागतो. मधला, करण्याचा काळ त्याला दिसलेलाच नसतो. या समजुतीला बीड जिल्ह्यातूनच एक खणखणीत उत्तर मिळालेलं आहे.

धावपटू अविनाश साबळे हा आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. जन्म 13 सप्टेंबर 1994. शेतकरी घर, परिस्थिती बेताची. शाळा सहा किलोमीटर लांब, वाहनाची सोय नाही, त्यामुळे शाळेत चालत नाहीतर पळत जायचं. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाला. आधी सियाचीन, मग राजस्थान, मग सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. स्पर्धेत उतरण्यासाठी तो धावू लागला 2015 च्या सुमाराला, सैन्याअंतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धेच्या निमित्तानं. म्हणजे वयाची विशी उलटल्यावर. मोठे धावपटू बहुतेक शाळकरी वयातच मैदानावर आलेले असतात, हे लक्षात घेतलं तर हा उशीरच होता.

त्यानंतरही वाट सरळ नव्हती. मध्यंतरी वजन वाढलं. सैन्यदलाचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळायला सांगितलं. तीनेक महिन्यांत वीसेक किलो वजन उतरवून तो या शर्यतीच्या तयारीला लागला. ही शर्यत धावपटूची कसोटी पाहणारी आहे. साडेसात फेऱ्यांच्या अंतरात सुमारे तीन फूट उंचीचे 28 अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरच्या 7 उड्या असतात. धावण्याची लय सारखी मोडते आणि मोडलेली लय तिथल्या तिथे जुळवून पुढे जावं लागतं. दुखापतीमुळे 2018 ची जकार्तातली आशियाई स्पर्धा त्याच्या हातून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला तो 8 मिनिटं 29.80 सेकंदांत धावला आणि गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा, 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

पुढचे आकडे ओळीनं वाचा. 2019, दोहा : 8:21.37. टोकियो ऑलिंपिक : 8:18.12, नवा राष्ट्रीय विक्रम, पण अंतिम फेरी हुकली. 2022, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा : 8:11.20. या शर्यतीत राष्ट्रकुल स्पर्धेतली तिन्ही पदकं 1998 पासून 2018 पर्यंत दर वेळी केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. बर्मिंगहॅमला शेवटच्या पट्ट्यात साबळे केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून आला आणि फक्त 0.05 सेकंदानं दुसरा ठरला. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारताला मिळालेलं हे आशियाई स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण. जुलै 2024 मध्ये पॅरिसला डायमंड लीगमध्ये वेळ नोंदली गेली 8:09.91. पुढच्याच महिन्यात त्याच शहरात तो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

सहा वर्षांत वीस सेकंद. एवढ्यासाठी एक विक्रम त्यानं पुन्हा पुन्हा मोडला, आणि बहुतेक वेळा तो स्वतःचाच होता. प्रत्येकाला ऑलिंपिक गाठता येत नाही, हे खरं. पण उशिरा सुरू केलेलं काम वाया जातं, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि त्यातली शिकण्याजोगी गोष्ट अशी, की 2015 साली 8:09.91 चं स्वप्न बघायची कुणाला गरज पडली नव्हती. त्या वर्षी समोर एक क्रॉस कंट्री होती, तिची तारीख ठरलेली होती आणि पथकात शेजारी धावणारे जवान होते.

ट्रॉली वेळेवर का निघते

इथे पुन्हा ऊसतोडीकडे येऊ. ट्रॉली वेळेवर निघते, कारण त्या निघण्याला चार टेकू असतात. एक तारीख, जी सर्वांना माहीत असते. दुसरी जागा : कोणता कारखाना, कोणता गट, पहिला फड कुठला, हे ठरलेलं. तिसरा जोडीदार : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यामुळे एकट्यानं मागे राहायची सोय नाही. चौथी उचल : मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, ते फेडल्याशिवाय सुटका नाही. यातली उचल ही पिढ्यान्‌पिढ्यांची बेडी आहे आणि ती तुटलीच पाहिजे, याबद्दल दुमत नको. पण माणसाला कामाला लावणारी यंत्रणा किती पक्की बांधलेली असते, हे यातून नीट दिसतं. स्वतःच्या ध्येयाच्या वाट्याला या चारपैकी एकही टेकू येत नाही. त्याच्यासाठी फक्त इच्छा असते, आणि एकट्या इच्छेला फार वेळ तग धरता येत नाही.

इच्छा आणि बांधणी यांतला हा फरक प्रयोगातही दिसला आहे. ब्रिटनमध्ये सारा मिल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 248 विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं जोरकस व्यायाम करायचा, एवढंच काम होतं. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नाही. त्यातल्या 38 टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामानं हृदयविकार कसा टळतो याची पटेल अशी माहिती वाचायला दिली. त्यातल्या 35 टक्क्यांनी केला. प्रेरणेचा काही म्हणता काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि एक वाक्य पुरं करून घेतलं : मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. त्या गटातल्या 91 टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला.

या साध्या वाक्यामागचं तत्त्व जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी मांडलं. ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ अशी गाठ आधीच मारून ठेवली, की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. त्यांनी आणि पॅस्कल शीरन यांनी 2006 साली अशा 94 अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हाही या पद्धतीचा परिणाम चांगलाच ठळक आढळला.

बीडमधल्या पोरानं ‘यंदा भरतीची तयारी करायचीच’ असं म्हणणं म्हणजे नुसती इच्छा. ‘पहाटे साडेपाचचा गजर झाला की बूट घालून शाळेच्या मैदानावर जाईन आणि 1600 मीटरची पहिली फेरी संथ मारीन’ असं म्हणणं म्हणजे बांधणी. सुनेसाठी ती अशी होईल : ‘सोमवारी लेकरं शाळेत गेली की पेटीतला दाखला काढून, आधार कार्ड घेऊन, शेजारच्या मावशींबरोबर मी शाळेत जाऊन फॉर्मची चौकशी करीन.’ यात गणिताचं नावही नाही. पहिलं पाऊल भीती वाटणार नाही इतकं बारकं असलं पाहिजे. गणिताचं सप्टेंबरात बघता येईल.

ठरवताच येत नाही तेव्हा

काहींची अडचण सुरू करण्याआधीची असते. काय करायचं हेच ठरत नाही. शेळ्या की शिलाई मशीन? नर्सिंग की डी.एड.? पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा, की गावाकडे येऊन दुकान?

अशा वेळी गावातल्या जुन्या जाणत्या शेतकऱ्याकडे बघावं. मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी दर जूनमध्ये जो निर्णय घेतो, त्याच्याइतका अनिश्चित निर्णय शहरातल्या कचेऱ्यांत क्वचितच घेतला जात असेल. पाऊस पुढे टिकेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. घाईनं पेरलं आणि खंड पडला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे पुन्हा. थांबावं तर हंगाम हातचा जातो. मग तो काय करतो? खात्री होईस्तोवर थांबत नाही, खूण दिसेस्तोवर थांबतो. कृषी खातं सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेतकरी रानात जाऊन मूठभर माती दाबून बघतो. चिखल हाताला चिकटत नाही, माती मोकळी होते पण ओल आहे, म्हणजे वाफसा आला. त्या दिवशी तिफण निघते.

याला दुसरीही एक बाजू आहे. मूग-उडदाची वेळ आधी सरते. जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचीही सरते. त्यानंतर हातात उरतं ते थोडकं. न ठरवणाऱ्याला वाटतं की आपण सगळे मार्ग खुले ठेवलेत. प्रत्यक्षात ते त्याच्या नकळत एकेक करून बंद होत असतात.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या हर्बर्ट सायमन यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं, की माणसाला सर्वोत्तम पर्याय शोधायला लागणारी माहितीही नसते आणि वेळही नसतो. म्हणून शहाणा माणूस आधी आपली अट ठरवतो आणि ती पुरी करणारा पहिला पर्याय उचलतो. 2006 साली शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तमाचाच ध्यास घेणाऱ्यांना पगार सरासरी 20 टक्के जास्त मिळाला, पण नोकरीबद्दलचं समाधान मात्र त्यांनाच कमी होतं. सर्वोत्तमाचा शोध अगदीच फोल नसतो, पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मनानं मोजावी लागते.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी हे विशेष महत्त्वाचं आहे. एमपीएससीला खुल्या प्रवर्गात 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत बसता येतं. मुदत इतकी लांब असली की ‘अजून एक प्रयत्न’ हे वाक्य कुठंच थांबत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कॉटवर पोराची पंचविशी ते तिशी जाते आणि गावाकडे आईबाप कोयत्याचे पैसे पाठवत राहतात. परीक्षा देऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण पहिल्याच दिवशी, डोकं शांत असताना, आईबापांसमोर बसून दोन गोष्टी कागदावर लिहा : किती प्रयत्न करणार, आणि तोवर पूर्वपरीक्षेत कुठवर मजल गेली नाही तर दुसरी वाट धरणार. ती दुसरी वाट कोणती, हेही लिहा. त्या दिवशी थांबणं ही हार ठरत नाही, कारण ते तुम्ही स्वतःच ठरवलेलं असतं.

हे करून बघा

एका संध्याकाळी अर्धा तास काढा आणि वहीच्या एका पानावर पुढचं सगळं लिहा.

वर्षानुवर्षं रखडलेलं, स्वतःसाठी करायचं असं एकच काम निवडा. त्याच्याखाली लिहा, की ते डोळ्यांसमोर आणलं की नेमकं काय वाटतं : भीती, लाज, कंटाळा, की आपल्याला जमणार नाही ही शंका. त्या भावनेचं नाव लिहिताना हात अडखळला तरी लिहा. ठरतच नसेल तर तुमची खूण कोणती आणि शेवटची तारीख कोणती, हे ठरवा.

मग चार टेकू द्या. तारीख : येत्या आठवड्यातलीच. जागा : घरातली, मैदानावरची, अभ्यासिकेतली, पण एकच. जोडीदार : जो ‘आज का आली नाहीस?’ असं विचारील, असा. आणि उचलीच्या जागी एक शब्द, कर्जाविना दिलेला. ज्या माणसाचा तुम्ही मान राखता, त्याला सांगा की अमुक तारखेला मी अमुक करून तुम्हाला दाखवीन.

एखादा दिवस चुकेल. चुकला तर स्वतःला शिव्या न देता दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी जा. लागोपाठ दोन दिवस चुकू देऊ नका.

कारखान्यासाठी, मालकासाठी, पावण्यारावळ्यांसाठी तुम्ही दिलेली वेळ आजवर पाळत आला आहात. वेळ पाळण्याची ती ताकद तुमचीच आहे, तिचा थोडा वाटा आता तुमच्या स्वतःच्या कामालाही मिळाला पाहिजे. त्यासाठी पट्टा पडायची वाट बघायची गरज नाही. फडात असलात तर रात्री कोपीत लेकराच्या वहीच्या मागच्या पानावरही ही चार वाक्यं लिहिता येतात.